खिडकीतलं चांदवड

वडाळीभोई मागे पडली की आजी डोक्यावरचा पदर सारखा करून बसायची. नाशिकहून मालेगावला जाणारी एसटी, मे महिन्यातली. खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसायचा. आजीच्या मांडीवर फिरकीचा तांब्या, पायाशी पिशवी आणि पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. डाव्या अंगाला धोडप दिसायला लागायचा. कातळाची उभी भिंत आणि त्या भिंतीला मधेच कुणी घास घेतल्यासारखी खाच. "आजी, ती खाच कशी पडली?" असं मी दर वर्षी विचारायची. "देवाला ठाऊक. तू तांब्या धर नीट," असं ती दर वर्षी सांगायची.

मग चांदवड. कंडक्टर दाराशी उभा राहून "दहा मिनिटं" म्हणायचा आणि स्वतः चहाला गायब व्हायचा. खिडकीखालून काकड्यांच्या टोपल्या आणि भेळभत्त्याच्या पुड्या फिरायच्या. आजी खाली उतरायची नाही, मलाही उतरू द्यायची नाही. गाडी सुटेल, ही तिची जन्माची धास्ती. गाडी सुटायचीच, आम्ही आत असताना. गाव सरायचं, घाट सुरू व्हायचा आणि डोंगराच्या कुशीतलं रेणुकेचं देऊळ समोर यायचं. अख्ख्या बसमध्ये एकाच वेळी हात जोडले जायचे. ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावायचा. "जोड हात. आई वरनं बघते," आजी म्हणायची. तोवर वळण आलेलं असायचं.

पुढे राहुडचा घाट, उमराणे, मालेगाव. चांदवड माझ्यासाठी एवढंच होतं: दहा मिनिटं, एक काकडी आणि एक नमस्कार. असं पंधरावीस वर्षं चाललं. आजी गेली, मालेगावचं घर बंद झालं, बसच्या जागी मोटार आली, रस्ता चौपदरी झाला. मग तर दहा मिनिटंही उरली नाहीत. नमस्कार तेवढा उरला, तोही ऐंशीच्या वेगातला.

अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली त्या वर्षी, २०२५च्या भाद्रपदात, मी मुद्दाम एसटीने गेले आणि चांदवडला उतरले. निघताना आईने विचारलं, "चांदवडला कुणाकडे?" आपल्याकडे गावाला जायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी जायचं असतं. "कुणाकडे नाही, गावाकडेच," असं मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

स्टँडवर उभं राहून आधी डोंगर बघितला. बसमधून डोंगर मागे पळतो. उभं राहिलं की तो जागेवर येतो आणि मग कळतं, हा एकटादुकटा डोंगर नव्हे, ही रांग आहे. पश्चिमेला अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, मग धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड आणि पूर्वेला मेसण्यावरून थेट मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपर्यंत. नुसती नावं घेतली तरी जात्यावर बसल्यासारखं वाटतं. भूगोलाच्या पुस्तकात हिला सातमाळ म्हणतात, जुन्या कागदांत चांदोरची रांग. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, थिजले, पाण्यावाऱ्याने कडेकडेने झिजले. म्हणून इथल्या प्रत्येक डोंगराला ताशीव कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. धोडपची ती भिंत म्हणजे खडकाच्या भेगेत शिरून तिथेच थिजलेला लाव्हा. भोवतालचा खडक झडून गेला आणि भिंत उभी राहिली. एवढं मला आता ठाऊक आहे. खाच कशी पडली, त्याला मात्र आजीचंच उत्तर अजून पुरतं.

भाद्रपदात हा सगळा मुलूख हिरवा असतो. सपाटीवर मका पुरुषभर वाढलेला, पोळ कांद्याची वाफे भरून पात, मधेमधे डाळिंबाच्या बागा आणि प्रत्येक मळ्यात रिकामी होत आलेली कांद्याची चाळ. या रांगेच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन्हीकडे वाटला जातो. उत्तरेच्या उतारावरचा गिरणेला मिळतो, तिथून तापीला, तिथून अरबी समुद्राला. दक्षिणेचा गोदावरीत जातो आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. एका आईच्या दोन लेकी, एक पश्चिमेला दिलेली, एक पूर्वेला. आणि माहेर कोरडं. दोन समुद्रांना पाणी पोचवणारा हा तालुका चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघतो. भरल्या भाद्रपदातसुद्धा एका ओट्यावर निळे ड्रम रांगेने पालथे घालून ठेवलेले दिसले.

रांग म्हणजे भिंत, आणि भिंत असली की दार लागतं. खानदेशातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरायचं तर जी मोजकी दारं आहेत, त्यांतलं हे एक. चांदवडचं सगळं त्या दारापायी आहे. यादव घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याचं चंद्रादित्यपूर ते हेच, असं इतिहासाचे अभ्यासक मानतात. डोंगराच्या पोटात जुनी जैन लेणी आहेत, वर चंद्रेश्वर आहे, त्याहून वर किल्ला. ज्याला दार हवं त्याला किल्ला हवाच. १६३६ साली शहाजहानाच्या फौजेने, अलावर्दीखानाच्या हाताखाली, ही रांग एकामागून एक जिंकली. शेजारच्या इंद्राईच्या कातळावर त्याचा फार्सी शिलालेख आहे. त्यात जिंकलेल्या किल्ल्यांची नावं ओळीने कोरली आहेत: चांदवड, इंद्राई, राजधेर, कोळधेर, धोडप आणि आणखी कितीतरी. डोंगरांचा सातबारा म्हणायचा तो. कब्जेदार बदलला, फेरफार दगडावर.

पण सातबारा दगडावर कोरला तरी वाट कुणाच्या नावावर राहत नाही. १६७० सालच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतत होते. त्यांना अडवायला मुघल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडला येऊन पोचला. मराठे कांचन-मंचनच्या घाटाने उतरताहेत हे कळल्यावर तो रातोरात निघाला, आणि दिवस उजाडल्यावर वणी-दिंडोरीच्या माळावर उघड्या मैदानात लढाई झाली. मुघलांची मोठी हानी झाली, महाराज लुटीसह पुढे गेले. मोगली फौजेबरोबर असलेल्या भीमसेन सक्सेनाने आपल्या आठवणींत ही लढाई लिहून ठेवली आहे. आज त्याच माळावर द्राक्षाचे मांडव आहेत.

नंतर किल्ला आणि गाव होळकरांकडे आलं, आणि १८१८ साली सगळंच इंग्रजांकडे गेलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची तुकडी या रांगेत हिंडत होती. एप्रिलात अंकाई-टंकाई पडली, मग राजधेर, मग त्र्यंबक. त्र्यंबक पडल्यावर सतरा किल्ल्यांनी लढाईशिवाय दारं उघडली. मालेगावची अरब शिबंदी तेवढी जूनपर्यंत झुंजली. किल्ले हातात आल्यावर इंग्रजांनी त्यांत फौजा ठेवायचा खर्च केला नाही. पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये म्हणून या भागातल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या, दरवाजे, पाण्याच्या वाटा सुरुंगाने फोडून टाकल्या. राजधेरला आज शिडी चढून जावं लागतं. आणि खालून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता मात्र बांधून काढला, रुंद केला, राखला.

मला वाटतं, माझं खिडकीतलं चांदवड तेव्हा जन्मलं. चढायची वाट मोडली, जायची वाट वाढवली. जे गाव वर चढून, थांबून, मुक्काम करून कळायचं, ते जाताजाता बघायचं होऊन गेलं. आजीची गाडी सुटायची धास्ती तिची एकटीची नव्हती. दोनशे वर्षांत रस्त्यानेच ती आपल्याला शिकवली होती.

महामार्ग सोडून गावात शिरलं की चांदवड आपला आवाज बदलतं. हॉर्न मागे राहतो. गल्ल्या अरुंद होतात. दगडी जोत्यांची जुनी घरं आणि त्यांना खेटून सिमेंटचे मजले, एखाद्या ओसरीचा कोरीव खांब आणि त्याला बांधलेली नायलॉनची दोरी, दोरीवर शाळेचा गणवेश. डोंगराचा जो काळा दगड, तोच जोत्याचा, तोच उंबऱ्याचा, तोच पाटा-वरवंट्याचा. इथे बांधकाम म्हणजे डोंगर थोडा खाली आणून मांडायचा.

आणि मग त्या गल्ल्यांवर एकाएकी उंच तटाची भिंत येते. हाच होळकरांचा वाडा, गावच्या तोंडी रंगमहाल. नाव नाजूक आणि अंग गढीचं. तट, बुरूज, हत्ती जाईल असा दरवाजा. आत गेलं की चौक आणि चौकाभोवती सागवानी खांब, त्यांच्यावर नक्षीच्या महिरपी. खांबावर तळवा ठेवला. लाकूड उन्हाळ्यापावसाळ्यांनी खरखरीत झालेलं, पण कोरलेल्या पाकळीच्या खोबणीत बोट घातलं तर आतली बाजू अजून गुळगुळीत. कारागिराचं पटाशीवरचं बोट जिथवर गेलं असेल तिथवर माझंही गेलं. वरच्या दालनांत भिंतींवर चित्रं आहेत. काही उडालेली, काही धुरकटलेली, काहींवर कुणी प्रेमात पडल्याच्या खुणा खिळ्याने ओरखडलेल्या. गेरूचा एक पट्टा, हिरव्याचा एक तुकडा, एक डोळा. डोळा कुणाचा ते कळत नाही, पण तो आपल्याकडे बघतो. आवारात बारव आहे. दुपारच्या उन्हात तिच्या पायऱ्या उतरताना दर पायरीला गारवा वाढत जातो, आणि तळाशी हिरवं पाणी हलत नाही.

हा वाडा अहिल्याबाईंनी बांधला. चौंडीची मुलगी. ३१ मे १७२५चा जन्म, १३ ऑगस्ट १७९५चा मृत्यू. मधल्या सत्तर वर्षांत नवरा, सासरा, मुलगा गमावून तिने राज्य चालवलं. काशीचं विश्वनाथ मंदिर, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर ही तिची मोठी कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तिची बांधकामं नकाशावर टाकत गेलं की रस्तेच उमटतात. घाट, विहिरी, पाणपोया, धर्मशाळा, सावलीची झाडं. ज्यांचा मुक्काम नाही त्यांच्यासाठी तिने बांधलं. रंगमहालसुद्धा माळवा आणि दख्खन यांच्या मधल्या वाटेवर पडतो. महेश्वर नर्मदेकाठी, पुणे मुठेकाठी, आणि मधे हा घाट. वाटेवर राहणाऱ्या बाईला ठाऊक असणार की माणसाला पोचण्याइतकीच थांबायचीही जागा लागते.

पिशवीत मी एका जुन्या पुस्तकाच्या छायाप्रती नेल्या होत्या. १८८३ साली छापलेलं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं नाशिक जिल्ह्याचं बाड. त्यात चांदवडचं नाव चांदोर. डोंगर, घाट, किल्ला, पेठ, देवळं, वाडा यांची नोंद कोरड्या सरकारी शब्दांत आहे, पण आहे. इंग्रजांनी आपल्या घरीही तेच केलं. विसाव्या शतकात निकोलस पेव्हस्नर नावाच्या, जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या कलेतिहासकाराने इंग्लंडच्या एकेका परगण्यात गावोगाव हिंडून तिथल्या इमारतींची पुस्तकं केली. १९५१ ते १९७४ या काळात सेहेचाळीस खंड. कुठल्या चर्चची खिडकी कुठल्या शतकातली, कुठल्या कोठाराचं छप्पर कसं, हे सगळं त्यांत आहे. शनिवारी-रविवारी लोक ती पुस्तकं घेऊन आपलाच परगणा बघायला निघत. मला त्या पुस्तकांचा हेवा वाटतो, कारण ती खिशात मावायची. आपल्या जिल्ह्याचं बाड कलेक्टरच्या टेबलासाठी होतं. चांदवडच्या शाळेतल्या पोराच्या दप्तरात जाईल असं रंगमहालाचं पुस्तक मी त्या दिवशी शोधलं. दुकानात वह्या होत्या, गाईडं होती.

लिहिलेलं नाही म्हणून लोक विसरलेत असं मात्र नाही. वाड्याबाहेरच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मी न विचारताच सांगितलं, "ताई, इथनं भुयार आहे, थेट देवीपर्यंत. राणीसाहेब त्यातनं दर्शनाला जायच्या." महाराष्ट्रात भुयार नसलेला वाडा मला अजून भेटायचाय. मी हसले असावे. ते म्हणाले, "हसू नका. दागिने अजून जातात ना." आणि ते खरंच आहे. नवरात्रात देवीचे अलंकार रंगमहालातून पालखीत घालून वाजतगाजत देवळात नेण्याची रीत आहे. भुयार असो नसो, वाड्यातून देवळापर्यंतची वाट अजून चालू आहे, आणि ती जमिनीवरून आहे.

या गावाची आणखी एक वाट होती, नाण्याची. चांदवडला टाकसाळ होती. इथल्या रुपयावर बादशहा शाहआलमचं नाव आणि "जाफराबाद उर्फ चांदोर" अशी फार्सी अक्षरं. मुघलांनी दिलेलं नाव, होळकरांची टाकसाळ आणि बाजारात चलन मराठी माणसाचं. चांदवडी रुपया नाशिक-खानदेशात सर्रास चाले. इंग्रजी अमलात टाकसाळ बंद पडली. आता इथे रुपया पडत नाही, त्याचा भाव पडतो, कांद्याच्या लिलावात.

कांद्यावरून आठवलं ते सांगायलाच हवं. १९८६ सालच्या ९ आणि १० नोव्हेंबरला याच चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. शरद जोशींनी बोलावलेलं. महाराष्ट्रभरातून लाखांवर शेतकरी बाया आल्या. ट्रॅक्टरने, ट्रकने, एसटीने, भाकरी बांधून. कुठल्या वाड्यात नाही, कुठल्या देवळात नाही, उघड्यावर, या डोंगराच्या पायथ्याशी. शेतात राबणाऱ्या बाईचं शेतात काय आहे, हे त्यांनी विचारलं. त्या वेळी निघालेल्या पुस्तिकेचं नाव "चांदवडची शिदोरी". पुढे काही वर्षांनी बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, तिची बीजं इथली. त्या दोन दिवसांचा एकही दगड इथे उभा नाही, तरी चांदवडच्या ऐतिहासिक वास्तूंत मी तो मेळावा मोजते.

आजी गेली नव्हती त्याला. पुढे एकदा मी विचारलं तर म्हणाली, "गेले असते गं, पण लागण चालू होती." कांद्याची लागण म्हणजे वाकून वाकून पाठ मोडायची. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. तेव्हा तिला एकाहत्तरावं चालू होतं. उतारा तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला, वाचता येत नव्हतं तरी बघितला, घडी केली आणि पोथीत ठेवला. चाळीस वर्षं ज्या गावावरून हात जोडत ती गेली, त्याच गावात तिच्यासाठी भांडणाऱ्या बाया दोन दिवस बसल्या होत्या, आणि तिची गाडी तिथे दहाच मिनिटं थांबत आली.

उन्हं कलल्यावर देवळाकडे गेले. परशुरामाने आईचं शिर उडवलं, तेव्हा धड माहूरला राहिलं आणि शिर इथे पडलं, असं गावात सांगतात. म्हणून इथे देवीचं मुख तेवढं आहे. शेंदराने माखलेलं, मोठ्या डोळ्यांचं. ओटी भरायला आलेल्या दोन बाया माझ्यापुढे होत्या. त्यांतल्या एकीने माझ्या हातात काहीच नाही हे बघून आपल्या ओटीतला नारळ पुढे केला. "घ्या, रिकाम्या हाताने नको." कुठल्या तुम्ही, तिने नंतर विचारलं. मी नाशिक म्हटलं. "मग रोजच दिसत असेल आई, गाडीतनं."

पायऱ्यांवर बसले. खाली महामार्ग. कांद्याचे ट्रक, टँकर, कंटेनर आणि मधेच एक लाल एसटी घाटाकडे वळताना. लहानपणापासून मी या देवळाकडे खालून बघत आले होते; वरून रस्ता पहिल्यांदाच बघत होते. बसच्या खिडक्या ओळीने दिसल्या. आतले हात दिसले नाहीत. इतक्या उंचीवरून दिसतही नाहीत. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुला नसतील दिसत.

नारळाचं खोबरं फडक्यात बांधलं आणि स्टँडवर आले. मालेगावची गाडी लागलेली होती. कंडक्टर दाराशी उभा राहून "दहा मिनिटं" म्हणाला आणि चहाला गेला. खिडकीपाशी बसलेल्या एका बाईने शेजारच्या पोराचा दंड धरून ठेवला होता. पोराला काकडी हवी होती, खाली उतरायचं होतं. "गाडी सुटेल," ती म्हणाली.

तुम्ही या रस्त्याने जालच. नाशिक, मालेगाव, धुळे, इंदूर, कुठे ना कुठे. चांदवडला गाडी थांबते. रंगमहाल स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. गाडी सुटली तर सुटू द्या, मागून दुसरी येते.